वारकरी पाण्यावर उतरले

निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथला नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा पाटाच्या पाण्यासाठी बांधला गेला, गेल्या शतकाच्या आरंभी, इंग्रजी अमदानीत. बांधणाऱ्यांच्या मनात पाखरे नव्हती. पण नद्यांनी दरसाल गाळ आणून टाकला, पाणी उथळ झाले, मधे बेटे उठली, पाणगवत माजले आणि पाखरांनी जागा हेरली. १९८६ साली तिथे अभयारण्य झाले. २०२० साली त्याचे नाव रामसर यादीत गेले, महाराष्ट्रातून पहिलेच. रामसर हे इराणातले गाव. पाणथळ जागा राखण्याचा करार १९७१ साली तिथे झाला, म्हणून यादीला ते नाव. याच गाळामुळे पुराचे पाणी गावात शिरते अशी वरच्या अंगाच्या गावांची तक्रार आहे. ती खोटी म्हणता येणार नाही, पण तो विषय वेगळा लिहीन.

गेल्या जानेवारीत एका रविवारी घरची मंडळी, आमचे एक द्राक्ष बागाईतदार मित्र, वहिनी आणि त्यांची दोन नातवंडे असे आम्ही दिवस उगवायच्या आत चापडगावच्या मनोऱ्याशी पोचलो. धुके दाट होते. दिसत काहीच नव्हते, नुसता कलकलाट ऐकू येत होता. पोरे थंडीने कुडकुडत होती आणि ‘कुठायत पक्षी?’ म्हणून टोचत होती.

धुके उठले तसे समोरचे पाणी काळे दिसू लागले. ती सगळी पाखरेच! अंग काळेभोर आणि कपाळावर गोपीचंदन लावावे तसा पांढरा टिळा. ‘यांना वारकरी म्हणतात,’ बरोबरचा गावातलाच वाटाड्या म्हणाला. वहिनींनी चटकन हात जोडले. नावे ठेवण्यात आपली माणसे पहिल्यापासून हुशार. पिवळ्या टोकाच्या चोचीचे, चोचीच्या बुडाशी लाल ठिपके असलेले ते हळदीकुंकू बदक. लांब गुलाबी पायांचा तो शेकाट्या. उलथन्यासारखी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो तो चमचा. आणि डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब. हे तिबेट, मंगोलियाकडे अंडी घालतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. थोरल्या नातवाला हे काही केल्या खरे वाटेना.

‘साहेब, कौतुक पुरे,’ बागाईतदार म्हणाले. ‘हेच रात्री माझ्या हरभऱ्यात उतरतात. आणि द्राक्षाचे घड कोण टोचतो?’

पट्टकदंब हरभऱ्यात, गव्हात उतरतात हे खरे. कोवळा पाला खातात, त्याची झळ पाण्यालगतच्या शेतकऱ्याला बसते, आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण द्राक्षाचा माल बुलबुल, साळुंकी, पोपट यांचा. पाण्यातल्या मंडळींचा त्यात हात नाही. उलट ट्रॅक्टरमागे चालणारा गायबगळा उघडी पडलेली हुमणी आणि नाकतोडे वेचतो. गव्हावरून अगदी खालून घिरट्या घालणारा भोवत्या उंदीर उचलतो. तो आम्हाला त्याच सकाळी दिसला, दोनदा झेपावला. एकदा रिकामा उठला, दुसऱ्यांदा त्याच्या पंजात काही तरी होते.

त्याला पाहून मला काळजी वाटली ती वेगळीच. उंदरासाठी आपण झिंक फॉस्फाईड वापरतो. आमिष बांधावर उघडे टाकले तर ते उंदराआधी पाखरे खातात. म्हणून संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील ती जिती. आधी एक-दोन दिवस बिनविषारी भरडा ठेवावा, उंदीर चटावला की विषाचे आमिष कागदाच्या पुडीत बिळाच्या आत सारावे आणि तोंड लिंपून टाकावे. उघड्या हाताने कालवू नये. मेलेले उंदीर वेचून खोल पुरावेत, घारी-घुबडांपुढे पडू देऊ नयेत. बीजप्रक्रिया केलेले सांडलेले बियाणेही मातीआड करावे.

आणि औषधाच्या बाटल्या पाटात विसळायची सवय तर सोडाच. बाटली तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे आणि बाटली भोक पाडून निकामी करावी. पाटात विसळलेले पाणी खालच्या वस्तीवरच्या गुरांच्या आणि बायकांच्या घागरीपर्यंत जाते, पाखरे तर पुढची गोष्ट.

जायचे असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. मार्च लागला की पाहुणे परतू लागतात. सूर्य पाठीशी राहील अशा बेताने उभे राहावे, भडक कपडे नकोत, रेडिओ-मोबाईल बंद. दुर्बीण असली तर सोन्याहून पिवळे. भाकरी-ठेचा बांधून न्यावा, कागद-पिशव्या परत आणाव्यात. नऊ-साडेनऊनंतर पाखरे सुस्तावतात, तोवर पाहून घ्यावे. आमचे बागाईतदार मात्र साडेदहापर्यंत दुर्बीण सोडायला तयार नव्हते.