स्वयंपाकघरालाच घर समजले!

जुनं घर दाखवायला कुणी नेलं की आधी दिंडी दरवाजा दाखवतात. मग खांब, तुळया, कोरीव पट्ट्या, ‘हे सगळं अस्सल सागवान हं!’ वगैरे. स्वयंपाकघराची पाळी शेवटी, तीही ‘इथे काही नाही बघण्यासारखं’ एवढं बोलण्यापुरती.

मध्यंतरी भाचीकडे इंग्लंडला गेले होते. ती म्हणाली, “मावशी, राजवाडे सगळेच बघतात. मी तुला शेतकऱ्याचं घर दाखवते.” इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स परगण्यात सिंगलटन नावाचं गाव आहे. तिथे १९७० साली ‘वील्ड अँड डाउनलँड’ हे संग्रहालय सुरू झालं. इथे वस्तूंऐवजी अख्खी घरं जतन केलीत. पाडली जाणार होती ती सांधा न् सांधा सोडवून, खुणा करून आणायची आणि इथे पुन्हा उभी करायची.

त्यातलं एक ‘बेलीफ फार्महाऊस’. कोर्टाचा बेलीफ नव्हे बरं, हा तमालपत्रासारख्या पानाचा ‘बे-लीफ’! हे घर मूळचं केंट परगण्यातलं. तिथे पाणीपुरवठ्यासाठी मोठा तलाव बांधायचा ठरला आणि शेतघरं त्या जागेत आली. तेव्हा १९६८-६९च्या सुमारास हे घर उतरवून इकडे आणलं. घराचा मुख्य भाग १४०५ ते १४३०च्या दरम्यानचा, म्हणजे आपल्याकडे बहमनी राजवट होती तेव्हाचा. एका टोकाचा भाग शंभरेक वर्षांनी, १५०५ ते १५१०च्या सुमारास झालेला. ओकच्या लाकडाचा सांगाडा आणि भिंती चक्क कुडाच्या! काठ्यांचं विणकाम, वर मातीचा लेप. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

आत शिरले आणि डोळे चुरचुरले. मधोमध मोठा दिवाणखाना, थेट छपरापर्यंत उघडा. जमिनीवर मध्यभागी लाकडं जळत होती. धुराडं नाहीच. धूर वर जाऊन वाशांमध्ये घुटमळणार आणि छपरातून वाट मिळेल तसा बाहेर पडणार. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज आणि आतून झडपा. थंडीत झडपा लावल्या तर अंधार आणि धूर, उघडल्या तर गारठा. घ्या काय हवं ते!

दिवाणखान्याच्या एका अंगाला पेयांची आणि धान्य-भाकरीची अशा दोन कोठ्या. दुसऱ्या अंगाला मालकाची बैठक, तिच्यावर निजायची खोली आणि त्या खोलीला लागूनच संडास! पाचशे वर्षांपूर्वी, शेतकऱ्याच्या घरात. मी थक्कच झाले. पण मनात आलंच, की नव्याने झालेल्या भागात मालकाची खोली आली, संडाससुद्धा आला. धुराची सोय मात्र तेव्हाही सुचली नाही.

ती सोय हळूहळू सोळाव्या शतकात झाली. विटांची धुराडी सामान्य शेतकऱ्याला परवडू लागली. विल्यम हॅरिसन नावाचे एक पाद्री होते. इंग्लंडचं वर्णन करणारा त्यांचा ग्रंथ १५७७ साली छापला गेला. त्यात ते लिहितात, गावातल्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातीतले तीन बदल फार मोठे वाटत: जिकडे तिकडे झालेली धुराडी, बरी अंथरुणं-पांघरुणं, आणि लाकडी ताटल्यांच्या जागी आलेली धातूची भांडी. मला तर हे तिन्ही बदल बाईच्या कामातलेच वाटतात. मजा म्हणजे हॅरिसन यांना धुराड्यांचं फारसं कौतुक नव्हतं. पूर्वीच्या धुराने माणसं टणक राहत, असा त्यांचा सूर आहे. (लाकडं फुंकायला ते स्वतः बसत होते का, ते काही लिहिलेलं नाही!)

एका धुराड्याने घर किती बदललं पाहा. धूर भिंतीतून वर गेला, म्हणून उघड्या दिवाणखान्यावर तक्तपोशी घालता आली. तक्तपोशी झाली म्हणून वर खोल्या निघाल्या. खोल्या निघाल्या म्हणून कुणाला दार लावून बसता आलं. आज तिथले जाणकार एखाद्या शेतघराचं वय काढताना शिडी लावून माळ्यावर चढतात. वासे काजळीने काळे असले की समजायचं, हे एकेकाळी बिनधुराड्याचं घर होतं. म्हणजे पुरुषांनी कोरलेल्या लाकडाइतकाच पुरावा बायकांनी पेटवलेल्या विस्तवाचा धरतात.

पण थांबा, गंमत पुढेच आहे. त्याच तलावाच्या जागेतून ‘विंकहर्स्ट’ नावाची सोळाव्या शतकाच्या सुरुवातीची एक लहान इमारत संग्रहालयाने आणली होती. छोट्या शेतकऱ्याचं घर म्हणून ती तीसेक वर्षं लोकांना दाखवली. नंतरच्या अभ्यासात लक्षात आलं, की हे घर नव्हेच. मोठ्या घराशेजारी बांधलेलं हे नुसतं स्वयंपाकघर! आगीच्या भीतीने तेव्हा अशी स्वतंत्र स्वयंपाकघरं बांधत. मग २००२ साली ती इमारत पुन्हा सोडवून बेलीफजवळ उभी केली. आता तिथे जुन्या पद्धतीचा स्वयंपाक करून दाखवतात. चूक मान्य करून घर हलवलं, याचं मला कौतुक वाटलं. पण इतकी वर्षं ती चूक ध्यानात आली नाही, याचं नवल नाही वाटलं. चूल कुणाच्या अभ्यासात असते?

इंग्लंडच्या शेतघरात बाई नुसती रांधत नव्हती. जर्व्हेस मार्कम यांनी १६१५ साली गृहिणीसाठी लिहिलेल्या पुस्तकात दूधदुभतं, भाजणं, बिअर गाळणं, सूत, औषधपाणी हे सगळं तिच्याच अंगावर आहे. पुढे १६९६ ते १८५१ तिथे खिडक्यांवर कर होता. अठराव्या शतकात दुधाच्या आणि चीजच्या खोल्यांना त्यातून सूट मिळाली, मात्र तसं त्या खोलीवर लिहावं लागे. काही घरांवर ती अक्षरं अजून दिसतात. बाईच्या कामाच्या खोलीवर पाटी लागली, ती करवसुलीमुळे!

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझं माहेर. आमचा वाडा उतरवायचा ठरलाय. आठवण म्हणून भावाने आधी मोजमापं घेऊन नकाशा काढून घेतला. पडवी, सोपा, माजघर, देवघर, सगळं नीट, खांबांची नक्षीसुद्धा. स्वयंपाकघराच्या जागी नुसता रिकामा चौकोन. चूल नाही, वैल नाही, मोरी नाही, भिंतीतलं फडताळ नाही. मी भावाला फोन केला तर म्हणतो, “अगं ताई, तिथे आता गॅसचा ओटा आहे. जुनं काय दाखवणार?”

आमची आत्या त्या स्वयंपाकघरात पंचवीस वर्षं राबली. तिचा खोकला आम्ही भावंडं अंथरुणात पडून ऐकायचो. चूल कोणत्या कोपऱ्यात होती, धूर कुठून जायचा, फुंकणी कुठे टांगलेली असायची, हे आता तिला एकटीलाच ठाऊक आहे आणि ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. पुढच्या रविवारी जाते आहे तिच्याकडे. नकाशा घेऊन, आणि एक पेन्सिल.