पॅसेंजर बाजूला का उभी?

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या दक्षिणेला मात्र मार्ग अजूनही मुख्यतः एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरून दुसरी गाडी आली की एकीला स्थानकातल्या बाजूच्या रुळावर थांबावे लागते. कोणी थांबायचे, हे आधीच ठरलेले असते. राजधानी थांबत नाही, तेजस थांबत नाही, वंदे भारत थांबत नाही. थांबते ती पॅसेंजर! करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी, अंजनी अशा लहान स्थानकांवर ती उभी राहते. डब्यातली म्हातारी खिडकीतून बाहेर बघते, पोरे फलाटावर उतरून पाणी भरून घेतात. मग शेजारच्या रुळावरून काचबंद गाडी धडधडत निघून जाते आणि तिचा वारा तेवढा यांच्या तोंडावर येतो.

वाचकहो, आमच्या आजोबा-पणजोबांना वरच्या जातीचा माणूस समोरून आला की रस्ता सोडून बाजूला उभे राहावे लागत असे. रेल्वेच्या वेळापत्रकात जात लिहिलेली नसते, हे मला मान्य आहे. वेगाच्या गाडीला वाट देणे हा वाहतुकीचा नियम आहे, हेही मान्य आहे. पण बाजूला उभ्या राहणाऱ्या गाडीत कोण बसलेले असते आणि पुढे निघून जाणाऱ्या गाडीत कोण, हा प्रश्न विचारायला नको काय?

मी मूळचा माकणीचा. धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातले, तेरणा नदीवरच्या धरणाचे हे गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने हादरलेल्या पट्ट्यातले. आमच्याकडे समुद्रही नाही आणि रेल्वेही नाही. रूळ बघायचा तर धाराशिवला जा, नाहीतर लातूरला. असा माणूस कोकणच्या किनारपट्टीवर कसा पोहोचला? तर नोकरीने. २००० साली राज्य सरकारने शिक्षणसेवक योजना आणली. डी.एड. झालेल्या पोराला तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधन. मराठवाड्यातली कितीतरी पोरे त्या काळात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या जिल्हा परिषद शाळांवर गेली. त्यात आमच्या समाजातली पोरे बरीच होती. घरात शिकलेली पहिली पिढी. मीही त्यातलाच एक. पुढे आंतरजिल्हा बदलीने मी परत आलो, पण मधली वर्षे कोकणात गेली.

रत्नागिरीहून माकणीला यायची जवळची वाट म्हणजे एसटीने घाट चढून कोल्हापूर, तिथून सोलापूर. पण मोठे बंधू मुंबईत मजुरीला होते आणि सुट्टीला दोघांनी मिळून गावी जायचे हा आमच्या घरचा शिरस्ता. म्हणून मी पहाटे रत्नागिरी–दादर पॅसेंजर धरायचो. पिशवीत सुका जवळा आणि बोंबील, कारण आई फक्त तेवढेच मागायची. दादरला उतरून बंधूंची भेट, दोघांनी मिळून चैत्यभूमीचे दर्शन, रात्री सोलापूरकडची गाडी, सकाळी एसटी आणि शेवटी लोहाऱ्याहून मिळेल ते वाहन. दीड दिवस जायचा, पण तीन हजारांत महिना काढणाऱ्याला तो परवडायचा.

लोक म्हणतात, ही गाडी किनाऱ्याकिनाऱ्याने जाते. प्रत्यक्षात समुद्र कुठे दिसत नाही. दिसतात त्या नद्या, खाड्या, भाताची खाचरे आणि बोगद्यांचा काळोख. उक्षी आणि भोके यांच्यामधला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. त्या काळोखात डब्यातले सगळे आवाज मोठे होतात आणि तिथे कोणाचे गाव, कोणाची जात दिसत नाही. संगमेश्वरला भाजीवाल्या चढायच्या, चिपळूणला मुंबईच्या इस्पितळात निघालेले आजारी माणूस आणि त्याला धरून दोन नातेवाईक, खेडला मंडणगडकडचे आमचे बौद्ध बांधव. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यातलेच. गिरणी गेली तरी मुंबई न सुटलेले चाकरमानी, घरकाम करणाऱ्या बाया, माझ्यासारखे मास्तर. आदल्या दिवशी ठरवून दुसऱ्या दिवशी निघणारी ही माणसे. चार महिने आधी आरक्षण करणे त्यांच्या आयुष्यात बसत नव्हते. मालक सुट्टी देईल की नाही हेच ज्याला आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नाही, तो आरक्षण कशाचे करणार?

आता या गाडीचे पुढे काय झाले ते पाहू. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि देशातल्या प्रवासी गाड्या बंद झाल्या. त्याच वर्षी जूनमध्ये, मजूर रस्त्याने पायी घर गाठून जेमतेम टेकले होते तेव्हा, रेल्वे मंडळाने २०० किलोमीटरहून लांब धावणाऱ्या पॅसेंजर गाड्या एक्स्प्रेस करण्याचा विषय पुढे आणला. म्हणजे लांब पल्ल्याची पॅसेंजर ही जातच नामशेष करायची! पुढे गाड्या सुरू झाल्या त्या ‘विशेष’ म्हणून. नाव पॅसेंजर, थांबे पॅसेंजरचे, तिकीट मात्र एक्स्प्रेसचे. दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपयांचे झाले. ते दर कमी व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडले. तोवर लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. कोरोना गेला, सवलत काही परतली नाही.

दादरची पॅसेंजर कोरोनानंतर पुन्हा धावू लागली ती दिव्यापर्यंतच. मध्य रेल्वेच्या उपनगरी वाहतुकीला अडथळा होतो, असे कारण देण्यात आले. आता नकाशा समोर घ्या. दिवा म्हणजे ठाण्याच्या पुढचे, लोकलच्या गर्दीसाठी बदनाम झालेले स्थानक. तिथे पेटी, पोते, म्हातारी आई आणि आजारी माणूस घेऊन जिना चढायचा आणि लोकलमध्ये घुसायचे! वेळापत्रकात हा बदल एका ओळीचा असेल. गाठोडे डोक्यावर असलेल्या माणसाला तो तासाभराचा वनवास आहे.

दादर हे आपल्यासाठी केवळ जंक्शनही नाही. दादरला चैत्यभूमी आहे. ६ डिसेंबरला रत्नागिरी-रायगडच्या खेड्यांतून निघालेल्या माणसाला ही गाडी स्वस्तात थेट दादरला उतरवत होती. महापरिनिर्वाण दिनासाठी नागपूरकडून विशेष गाड्या सोडल्या जातात, त्याचे स्वागतच आहे. पण ज्या कोकणाने महाडचा संगर दिला, त्या कोकणच्या भीमसैनिकाची रोजची गाडी दादरपासून तुटली, तेव्हा आपल्यातल्या किती पुढाऱ्यांनी तोंड उघडले?

दादरला जागा नाही म्हणता, मग उत्तरेकडच्या गाडीला कशी मिळाली, असा सवाल काही पक्षांनी केला आणि आंदोलनेही केली. मागणी रास्त होती, रोख मात्र चुकला. गोरखपूरच्या गाडीत कोंबून बसलेला मजूर आपला शत्रू नाही. तोही जनरल डब्यात संडासाच्या दाराशी बसूनच घरी चाललेला असतो. त्याची गाडी काढून आमची लावा म्हणणे, म्हणजे दोन भुकेल्यांनी एका भाकरीवर भांडणे आणि वाढणाऱ्याला मोकळे सोडणे होय. प्रश्न वाढणाऱ्याला विचारायचा आहे.

वाढणारा काय म्हणतो? तो म्हणतो, पॅसेंजर तोट्यात जाते. रेल्वेच्या तिकिटांवर तर हे छापलेही गेले की, प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम वसूल होते. गरिबाच्या हातात तिकीट देताना सोबत उपकाराची पावतीही द्यायची, असा हा प्रकार! पण कोकणातला हिशेब बघा. कोकण रेल्वेवर भाडे आकारताना प्रत्यक्ष अंतर ४० टक्क्यांनी वाढवून धरण्याची पद्धत राहिली आहे. म्हणजे १०० किलोमीटर जाणाऱ्याने १४० किलोमीटरचे पैसे मोजायचे. डोंगर फोडून, बोगदे खणून मार्ग बांधला, त्याचे कर्ज फेडायचे म्हणून हा भार. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग सुरू झाला, त्याला पाव शतक उलटून गेले. इतकी वर्षे जो ज्यादा अंतराचे पैसे भरतो, त्यालाच तुम्ही तोट्याचा धनी ठरवता?

हा प्रश्न आज काढण्याला कारण आहे. कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्र सरकारने मे २०२५ मध्ये संमती दिली. या महामंडळात केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांचा हिस्सा. विलीनीकरणाने दुहेरीकरणाला पैसा मिळेल, असे सांगितले जाते. मिळो. पण दुसरा रूळ पडल्यावर त्यावर धावणार काय? २७ जून २०२३ ला मुंबई–मडगाव वंदे भारत सुरू झाली. सगळे डबे वातानुकूलित, तिकीट हजाराच्या घरातले. ती धावू नये असे कोणी म्हणत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे त्याने जरूर जावे. पण दुहेरी मार्ग झाल्यावरही पॅसेंजर दिव्यालाच अडणार असेल आणि ४० टक्क्यांचा भार तसाच राहणार असेल, तर विलीनीकरण कोणाच्या हिताचे?

एक काळ असा होता की रेल्वेवर संसदेत स्वतंत्र अर्थसंकल्प मांडला जाई. कोणती गाडी वाढली, कोणती तुटली यावर खासदार उठून बोलत. २०१७ पासून तो सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला आणि ती चर्चाही विरली. याच कोकणचे खासदार मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्यांनी द्वितीय वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली. दोन इंचांचीच गादी, पण तिच्यामागे एक विचार होता : खालच्या वर्गात बसणाऱ्यालाही पाठ असते. आज विचार उलटा फिरला. जनरल आणि स्लीपरचे डबे घटवून वातानुकूलित डबे वाढवले गेले. शेवटी इतकी ओरड झाली की २०२४ मध्ये जनरल डबे वाढवण्याची घोषणा करावी लागली. घोषणा हीच चुकीची कबुली नव्हे काय?

प्रवास हा आपल्या चळवळीला नवा विषय नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. धरमतरची वाट जवळची होती, पण ती टाळून ते दासगाव बंदराच्या लांबच्या वाटेने गेले. कारण काय? धरमतरहून पुढे मोटारवाल्यांनी बहिष्कार टाकला तर महाड गाठणे अशक्य होते. दासगावहून पाच मैल पायी जाता येत होते. परिषदेचे ठराव लिहिणाऱ्या नेत्याने वाहनाचाही विचार आधी केला होता, कारण वाहन ज्याच्या हातात त्याच्या हातात आपली सभा, हे त्यांनी ओळखले होते. आजची पॅसेंजर त्याच दासगावजवळच्या वीर स्थानकावर थांबते. तिथे आता कोणी बहिष्कार टाकत नाही. फक्त तिकीट वाढते, शेवटचे स्थानक अलीकडे सरकते, डबे कमी होतात. आणि माणूस निमूटपणे घरी बसतो. संविधानाच्या कलम १९ ने देशभर मुक्त संचाराचा हक्क दिला. खिशात भाडे नसेल आणि स्थानकात गाडी नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो.

आमच्या मराठवाड्याची कथा तर याहून मागची. धाराशिव जिल्ह्यातल्या कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. तडवळे हे बार्शी लाईट रेल्वेच्या वाटेवरचे गाव. तेव्हा जिल्ह्याच्या एका कडेने अरुंद रुळांची का होईना, गाडी जात होती. पुढे मार्ग रुंद झाला, धाराशिव शहर जोडले गेले. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव या ८४ किलोमीटर मार्गाचे काम चालू आहे. पण घाटमाथा आणि किनारा जोडणारा कोल्हापूर–वैभववाडी मार्ग मंजूर होऊन वर्षे लोटली, रूळ पडले नाहीत. कराड–चिपळूणचा २०१६ चा करारही कागदावरच विरला. मराठवाड्याचा मास्तर, मजूर आणि कोकण यांच्यामध्ये सह्याद्री तसाच उभा आहे.

मी कोकणात असताना एका संध्याकाळी वडील गेल्याचा निरोप आला. रात्रीच निघालो, मिळेल त्या एसटीने घाट चढलो. माकणीला पोहोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. मातीवर दोन फुले ठेवली. यात कोणाचा दोष म्हणून मी सांगत नाही. अंतर काय असते, तेवढेच सांगतो. ज्यांच्या घरी मोटार आहे आणि जे विमानाने जातात, त्यांच्यासाठी अंतर किलोमीटरमध्ये असते. आमच्यासाठी ते कोणती गाडी कुठवर जाते यावर ठरते.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय हाती घ्यावा. प्रत्येक स्मारकासाठी आपण मोर्चे काढतो, काढलेही पाहिजेत. पण स्मारकापर्यंत माणूस पोहोचवणारी गाडीही आपलीच आहे. कोकणची पॅसेंजर दादरपर्यंत धावली पाहिजे, निदान डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तरी विनाअट. विलीनीकरणाबरोबर ४० टक्के ज्यादा अंतराची आकारणी रद्द झाली पाहिजे. ज्येष्ठांची सवलत परत आली पाहिजे. लांब पल्ल्याच्या प्रत्येक गाडीत जनरल डब्यांची किमान संख्या ठरली पाहिजे. आणि नवा रूळ पडला की त्यावरची पहिली गाडी पॅसेंजर असली पाहिजे. खासदारांना, रेल्वे अधिकाऱ्यांना निवेदने द्या. उत्तर मागा, पोच नको.

एकेरी मार्गावर कोणीतरी बाजूला उभे राहावेच लागते, हे खरे. पण दरवेळी तेच का?