रोग रेड्याला, औषध पखालीला

परवा भाचीचा मुलगा आला. मोटारसायकल फाटकाशी लावली आणि चहाच्या आधीच मला बाहेर ओढून नेलं. हँडलपाशी एक चकचकीत नळकांडं आडवं बसवलेलं. "आजोबा, हा स्टिअरिंग डॅम्पर. नव्वदच्या पुढे हँडल लटपटायचं ना? एकदम बंद!"

"पण लटपटत कशामुळे होतं?" मी विचारलं.

"ते काय माहीत नाही. पण गेलं ना?"

झालं. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाच्या डोक्यात हे "गेलं ना" दोन दिवस घुमत राहिलं. शेजाऱ्याच्या वहीतून उत्तर उतरवणारी पोरं अगदी हेच म्हणायची. उत्तर बरोबर आलं ना, मग झालं!

मी मराठीचा मास्तर, यंत्रातला जाणकार नव्हे. पण हा धडा मी फी भरून शिकलो आहे. १९७९ साली माझ्याकडे जुनी, ब्रिटिश घडणीची सेकंडहँड गाडी होती. तशा गाड्यांना हँडलच्या मधोमध एक काळी मूठ असे. ती पिळली की आतल्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जाऊन हँडल जड होई. तो त्या काळचा डॅम्परच. माझी गाडी सत्तरच्या पुढे हँडल मारायला लागली. मेकॅनिककडे नेली की तो मूठ अर्धा आटा पिळायचा. "आता बघा, गुरुजी!" महिनाभर बरं चालायचं. पुन्हा अर्धा आटा. असं सहा महिने चाललं. एकदा कराडहून साताऱ्याकडे जाताना उंब्रजच्या अलीकडे उतारावर हँडल असं काही मारायला लागलं, की हातात हँडल आहे की पिसाळलेला बैल, तेच कळेना. मी खरचटण्यावर सुटलो. मागे बसलेल्या सौभाग्यवतींचं कॉलरबोन मोडलं. दीड महिना हात गळ्यात होता. तो खांदा पावसाळ्यात अजून दुखतो, आणि दुखला की त्या काही न बोलता माझ्याकडे नुसतं बघतात.

पुढे एका म्हाताऱ्या सायकल दुरुस्तीवाल्याने ती गाडी उघडली. हँडलच्या कोनसेटमधल्या वाट्यांना छर्‍यांनी खड्डे पाडले होते. आणि चेन ताणताना मागचं चाक एका बाजूने जास्त ओढल्यामुळे तिरकं बसलेलं. दोन दुखणी आणि दोन्हींवर उपाय एकच, मूठ पिळा!

मुळात हे लटपटणं म्हणजे काय? मॉलमधली ढकलगाडी आठवा. तिचं एखादं पुढचं चाक ठरावीक वेगाला फडफडायला लागतं. हळू ढकलली की थांबतं. मोटारसायकलचं पुढचं चाकही तसंच, हँडलच्या आसाच्या थोडं मागे जमिनीला टेकतं. त्यामुळेच ते आपोआप सरळ राहू पाहतं. पण सरळ होता होता थोडं पलीकडे जातं, मग परत फिरतं. गाडी निरोगी असेल तर हे हेलकावे तिथल्या तिथे विरतात. कुठे ढिलेपणा असेल तर प्रत्येक हेलकावा पुढच्याला जोर देतो, झोपाळ्याला तालात धक्के द्यावेत तसा. सेकंदाला साधारण चार ते दहा वेळा हँडल इकडून तिकडे जातं. माणसाचा हात इतक्या चपळाईने उलटा जोर लावूच शकत नाही. म्हणून "घट्ट धर, मर्दासारखं" हा सल्ला बिनकामाचा. लटपट सुरू झालीच तर थ्रॉटल हळूहळू सोडावा, टाकी गुडघ्यांनी आवळावी, अंग थोडं पुढे न्यावं आणि हात सैल ठेवावेत. पुढचा ब्रेक करकचून दाबू नये.

पण हा झाला प्रथमोपचार. खरा इलाज म्हणजे कारण शोधणं, आणि त्याला एक रविवार पुरतो. गाडी पक्की उभी करून पुढचं चाक अधांतरी ठेवा, जोडीला एक माणूस घ्या. हँडल हलक्या हाताने डावीउजवीकडे फिरवा. मध्यावर आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट गेला. फोर्कची खालची टोकं धरून मागेपुढे हलवा. 'टक्' लागलं तर तो ढिला आहे. (वाजवीपेक्षा जास्त आवळलेलाही वाईटच, गाडी कमी वेगात दारुड्यासारखी चालते.) मग मागचं चाक उचलून आडवं हलवा, म्हणजे बेअरिंग आणि स्विंग आर्मचे बुश कळतील. चाक फिरवून रिमजवळ पेन्सिल धरा, रिम आउट असेल तर लगेच दिसेल. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरा ताणून पुढे न्या. पुढच्या टायरच्या दोन्हीकडे फट सारखी हवी. टायर थंड असताना हवा तपासा, झीज बघा. आणि शेवटी मागच्या कॅरिअरवरच्या पेटीत काय काय कोंबलंय ते काढा. मागच्या आसाच्याही मागे, उंचावर वजन लादलं की पुढचं चाक हलकं होतं.

"मग रेसच्या गाड्यांना कंपनीच डॅम्पर लावते, ते कसं?" पोराने बिनतोड सवाल टाकला. मान्य! काही वेगवान गाड्यांची घडणच तशी असते आणि तिथे डॅम्पर हा घडणीचा भाग असतो. पण तो धडधाकट गाडीवर बसवलेला असतो. डोअर क्लोजर चांगल्या दारालाही लावतात. पण बिजागरी निखळलेल्या दाराला तो लावला तर दार फक्त हळू आपटतं, बिजागरी तशीच राहते. शिवाय आर. एस. शार्प यांनी १९७१ साली मोटारसायकलच्या स्थिरतेचं गणित मांडलं, त्यात एक गोम आहे. हँडलचा हेलकावा डॅम्परने दबतो खरा, पण अख्खी गाडी नागमोडी डुलण्याचा जो दुसरा, संथ प्रकार आहे, तो त्याच डॅम्परने बळावू शकतो. म्हणजे औषधालाही मात्रा असते!

आणि हो, सगळा दोष मेकॅनिकच्या माथी मारू नका. आपण दुकानात जाऊन म्हणतो काय? "थरथर घालवा, संध्याकाळी गाडी पाहिजे." वस्तू बसवली की हजारांत बिल भरतो. पण त्याने दोन तास गाडी तपासून "दोनशे रुपये द्या, नुसता कोनसेट ढिला होता" म्हटलं, तर घासाघीस करतो. शोधण्याचे पैसे द्यायचे नाहीत, बसवण्याचे द्यायचे. मग लोक बसवतीलच!

रविवारी आम्ही दोघांनी ती गाडी तपासली. हँडल मध्यावर खाचेत अडकत होतं. मागच्या चाकाची डावी खूण उजवीपेक्षा दोन रेघा पुढे होती. पेटीत तर अख्खा संसार. डॅम्परखाली हे सगळं सुखाने नांदत होतं, आणि पोरगं त्याच्या भरवशावर एकशेदहाने जात होतं.

सोमवारी तो कोनसेट बदलायला गेला. जाताना त्याच्या हातात मी तपासणीचे म्हणून वेगळे पैसे ठेवले. "हे त्या मेकॅनिकला दे, आणि कशाचे ते सांगून दे," म्हटलं. सौभाग्यवती दारातच उभ्या होत्या. या वेळी त्या त्याच्याकडे बघत होत्या, माझ्याकडे नव्हे.