उशिराच्या दिवसाची किंमत



महामार्गाचे काम रखडले की आपण कंत्राटदाराला शिव्या घालतो. शिव्यांनी रस्ता होत नाही. करारात उशिराच्या एका दिवसाची किंमत काय लिहिली आहे, ते आधी पाहिले पाहिजे.

१७ जानेवारी १९९४ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात भूकंप झाला. सांता मोनिका महामार्गाचे पूल कोसळले. रस्ता बंद असल्याने लोकांचे रोज दहा लाख डॉलरच्या वर नुकसान होते, असा सरकारचा हिशेब होता. म्हणून करार असा केला : मुदत १४० दिवस, उशिराच्या प्रत्येक दिवसाला २ लाख डॉलर दंड, लवकर झाल्यास तेवढेच बक्षीस. कंत्राटदाराने रात्रंदिवस पाळ्या लावून ६६ दिवसांत काम पुरे केले. वाचलेल्या ७४ दिवसांचे १ कोटी ४८ लाख डॉलर त्याला मिळाले. रक्कम मोठी दिसते; पण लोकांचे वाचले ते त्याहून कितीतरी जास्त.

आपल्याकडे दंड नाही असे नाही. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या ईपीसी नमुना करारात दंड रोज ०.०५ टक्के आणि बक्षीस रोज ०.०३ टक्के आहे. म्हणजे १०० कोटींच्या कामाला दिवसाला ५ लाख दंड, ३ लाख बक्षीस. पण एकूण दंडाला १० टक्क्यांची मर्यादा. २०० दिवसांत दंड संपला! पुढे करार मोडण्याची धमकी तेवढी उरते.

आणि तिथवरही गोष्ट क्वचितच जाते. जमीन वेळेवर ताब्यात दिली नाही, विजेचे खांब हलवले नाहीत, तर चूक सरकारची. मुदत वाढवून द्यावी लागते. सरकारच्या चुकीचा दंड कंत्राटदाराला लावू नये, हे न्यायाचेच आहे. पण मग त्या उशिराचा धनी कोण? पनवेल-इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. मुदतींमागून मुदती गेल्या, दहा वर्षांनंतरही काम अपुरेच होते.

धनी कोणी नसला तरी किंमत मोजणारा असतो. अर्धवट मोरीने पाणी अडते, बांधाआड तुंबते. कपाशीच्या मुळाशी दोन-चार दिवस पाणी राहिले की मुळे गुदमरतात, पाते गळते. वेचणीच्या दिवसांत मुरमाची धूळ बोंडावर बसते आणि व्यापारी त्याच कापसाचा भाव पाडतो. कडब्याची गाडी दोन कोस वळसा घेते. कंत्राटदाराकडून दंड वसूल झालाच तर तो सरकारी खात्यात जातो. बांधावर एक पैसा येत नाही.

आम्हाला कंत्राटदाराच्या बक्षिसाचा हेवा नाही. रस्ता तपासणीत पक्का ठरला आणि वेळेआधी झाला, तर बक्षीस जरूर द्या. पण आमच्या मागण्या तीन. कामाच्या फलकावर मूळ मुदत, दिलेली प्रत्येक मुदतवाढ, तिचे कारण आणि वसूल झालेला दंड लिहा. पावसाळ्याआधी मोऱ्या पुऱ्या करण्याची वेगळी मुदत आणि वेगळा दंड करारात घाला. मुदतवाढ खात्याच्या चुकीने झाली असेल, तर शेताची भरपाई खात्याने द्यावी.

माहितीचा अधिकार कायदा २००५ पासून आहे. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपल्या रस्त्याच्या कराराची आणि मुदतवाढीच्या आदेशांची नक्कल मागवून आणावी. हिशेब हातात असला की मोर्च्याला वजन येते.