स्वप्नाचा अर्थ व कोठाराची किल्ली

मिसर देशाच्या फारो राजास स्वप्नात सात रोड गाईंनी सात पुष्ट गाई गिळलेल्या दिसल्या. दरबारच्या पंडितांस अर्थ लागेना. बंदिवान योसेफाने तो सांगितला: सात वर्षे सुकाळ, मग सात वर्षे दुष्काळ. बायबलातील या कथेचा खरा बोध भविष्यकथनात नसून पुढील सल्ल्यात आहे: सुकाळी पिकाचा पंचमांश साठवा. स्वप्नफल विचारून स्वस्थ बसणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. परंतु कथा येथेच संपत नाही. त्याच धान्यासाठी प्रजेने आधी पैसा, मग गुरे, शेवटी जमीन व स्वतःचे स्वातंत्र्यही राजास विकले! ज्या कोठारात रयतेचा घाम, त्याच्या किल्लीवर रयतेचाही हक्क नको काय? दूरदृष्टीस न्यायाची जोड नसेल, तर प्राण वाचतात, पण माणूस गुलाम होतो.