चुंबकाची पकड आणि मजुराचा जीव

भुशीच्या बंधाऱ्यावर पावसाळ्यात पर्यटकांची रीघ लागते. वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवण्यासाठी रेल्वेने हा बंधारा बांधला, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. त्याच रेल्वेचा बोरघाटातील मार्ग १८५६ ते १८६३ या काळात खोदला गेला. त्यापायी अपघातांत आणि पटकीत हजारो मजूर बळी पडले, याचे स्मरण तर क्वचितच होते. आता या डोंगरात बंगले, हॉटेले, पत्र्याच्या शेड उभ्या राहतात. साधने बदलली, जोखीम मात्र आजही मजुराच्याच माथी आहे.

लोखंडी तुळईला भोक पाडणारे चुंबकीय ड्रिल घ्या. जड तुळई यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्रच तुळईवर चढवता येते, ही त्याची मोठी सोय. वीज असेतो त्याचा पाया लोखंडाला घट्ट धरून राहतो. वीज गेली की पकड संपते आणि यंत्र खाली कोसळते. म्हणून ते साखळीने किंवा पट्ट्याने तुळईला बांधलेच पाहिजे. गंज, रंग व कीस पुसल्याखेरीज पकड बसत नाही. पत्रा पातळ असेल तर पुसूनही ती कमकुवतच राहते. अशा वेळी कटर अडकला, तर सारे यंत्र गरकन फिरते. भोक पूर्ण होताच मधला तापलेला गाभा खाली पडतो. तेथे कोणी उभे असता कामा नये. डोळ्यांवर चष्मा हवाच, परंतु फिरत्या कटरजवळ हातमोजे नकोत. कीस काढायचा तो यंत्र थांबवून, आकड्याने. कटर बदलताना प्लग काढलेला असावा.

यात गुपित असे काहीच नाही. मग हे पाळले का जात नाही? कारण मजुरी भोकांच्या संख्येवर ठरते. साखळी बांधण्यात आणि पृष्ठभाग घासण्यात गेलेल्या वेळेचे दाम कोणी देत नाही. अपघात झाला की ‘मजूर निष्काळजी होता’ असा निवाडा तयारच असतो. वस्तुतः ठेकेदाराच्या खर्चाचा एक भाग येथे मजुराच्या देहावर ढकललेला असतो.

लहान कारखानदारही पिचलेलाच आहे, असे म्हटले जाते. ते बव्हंशी खरे आहे. अनेकदा ड्रिल तो स्वतःच चालवतो. परंतु यंत्राच्या किमतीपुढे साखळीची किंमत नगण्य असते, आणि उरलेल्या वेळेचा मोबदला काम देणाऱ्या बड्या मालकाकडून वसूल करता येतो. कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो. १९४८च्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून मानला जाई. २०२०च्या संहितेने ती संख्या वीसवर नेली. चार-पाच माणसांची फॅब्रिकेशनची शेड दोन्ही व्याख्यांबाहेरच राहिली.

म्हणून कार्यकर्त्यांनी लोणावळा-मावळातील अशा शेडमध्ये जाऊन तीन मागण्या संघटित कराव्यात: दरात तयारीच्या वेळेचे दाम धरावे, सुरक्षेचे नियम मजुराला कळणाऱ्या भाषेत सांगावे, आणि साखळी नसेल तर यंत्र चालवण्यास नकार देणाऱ्याचा रोज बुडू नये. यांपैकी तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. नकार देण्याची ताकद नसलेल्या मजुराला सावधगिरीचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय.