बावीस शब्दांची भाषा

आमचा भाचा जालन्यात बारावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो ‘लुआ’ नावाची संगणकभाषा शिकत बसला, तेव्हा दाजींनी आम्हांस चिंतेने विचारले, “हिला बाजारात कोण विचारतो? नोकरीच्या जाहिरातींत तर पायथॉन आणि जावाच दिसतात.” मोंढ्यात आयुष्य घालविलेल्या माणसाचा प्रश्न, तो हसण्यावारी नेणे योग्य नव्हे.

लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. १९९३ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या एका विद्यापीठात इएरुसालिम्सची, फिगेरेदो व सेलेस या तिघांनी ती घडविली. परदेशी संगणक-सामग्री आणण्यावर त्या देशात दीर्घकाळ कडक निर्बंध होते. लागेल ते साधन घरीच तयार करण्याची सवय त्यातूनच जडलेली. भाषेनेच अर्थ ठरवून दिलेले राखीव शब्द लुआच्या ५.४ आवृत्तीत अवघे २२ आहेत. सी प्लस प्लसमध्ये ते नव्वदीच्या घरात जातात. यादी असो वा खतावणी, लुआ सारे ‘टेबल’ या एकाच रचनेत मांडते. मोजणीही शून्यापासून नव्हे, एकापासून करते, हे दाजींना विशेष भावले!

मात्र लहान म्हणजे अप्रसिद्ध, असे समीकरण मांडता येत नाही. पायथॉनचेही राखीव शब्द ३५च आहेत. ती पसरली ती प्रामुख्याने तिच्याभोवती जमलेल्या तयार ग्रंथालयांमुळे. मोठ्या पेठेत गिऱ्हाईक जाते ते सर्व माल एका ठिकाणी मिळतो म्हणून. लुआची चाल निराळी. ती दुसऱ्याच्या घरात निमूट राबते. रोब्लॉक्स या खेळात तिच्यापासून निघालेली लुआउ भाषा आहे, आणि विकिपीडियाच्या साच्यांमागे २०१३ पासून लुआ आहे. मराठी विकिपीडिया वाचणाऱ्यास याची जाणीवही नसते.

पोटापाण्याचा विचार करता दाजींचे म्हणणे खोडता येत नाही, आणि आम्ही ते खोडलेही नाही. केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या संगणकशास्त्रातही आज पायथॉनच शिकवितात. परंतु एखादी भाषा आरंभापासून अखेरपर्यंत समजली, असे म्हणण्याचा आनंद विद्यार्थ्याला क्वचितच लाभतो. लुआची संपूर्ण नियमपुस्तिका भाच्याने त्या सुट्टीतच वाचून काढली.

दाजींनी पायथॉनच्या शिकवणीचे शुल्क भरले आहे. भाचा मात्र रात्री दुकानाच्या उधारीचा हिशेब लुआत मांडतो. परवा त्याला दाजींच्याच वहीतील एका बेरजेत चूक सापडली.